पाणी सोडल्यानं नव्हे, उतरल्यानं मरतात पिल्लं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, चुकलं असेल तर सांगा. तुमचं शेत मावळात, बेबडओहोळच्या खालच्या अंगाला पवना नदीला लागून आहे. अनंत चतुर्दशी झाली, पाऊस ओसरला, पवना धरणाचे दरवाजे रात्रीतून बंद झाले आणि सकाळी बघता तर नदी पात्राच्या मधोमध गेलेली. काठच्या कातळातल्या डबक्यांत नखाएवढी, बोटभर अशी शेकडो पिल्लं तडफडत होती. वाडीतल्या पोरांनी बादल्या भरभरून ती नदीत नेऊन सोडली. एका डबक्यात सापासारखं काहीतरी वळवळलं म्हणून तेवढं राहू दिलं. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय: धरणाचं पाणी सोडल्यानं मासे मरतात, तर ते कमी सोडायला सांगायचं का? पोरांनी केलं ते बरोबर का? आणि नुकसान भरून काढायला मत्स्यबीज आणून सोडावं का?

पुणे जिल्ह्यातल्या नद्यांत मी वीसेक वर्षं माशांच्या नोंदी करतोय. पवना, इंद्रायणी, मुळा, मुठा, थोडी भीमा. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणवत नाही. तुम्ही विचारलंय पाणी सोडण्याबद्दल, पण जे पाहिलंत ते पाणी उतरण्याबद्दल आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळी मेख तिथंच आहे. विसर्ग किती हजार क्युसेक होता यानं पिल्लांचा जीव ठरत नाही, तो विसर्ग किती तासांत बंद केला यानं ठरतो. पेपरात मात्र पहिलाच आकडा येतो. पुण्यात मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की बातमी होते. पूल वर आला की बातमी संपते. पिल्लांची गोष्ट तिथं सुरू होते.

का, ते समजायला पिल्लं राहतात कुठं ते बघू. मोठा मासा डोहात असतो, धारेत असतो. पिल्लू तिथं टिकत नाही. पिल्लाला अंगाच्या लांबीच्या पाच-सात पट अंतर एका सेकंदात कापता येतं असा ढोबळ हिशेब धरा. म्हणजे दीड सेंटीमीटरचं पिल्लू सेकंदाला दहा सेंटीमीटरच्या आसपास पोहणार, आणि तेही थोडाच वेळ. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहिलात आणि पायाला पाण्याचा ओढ जाणवला, तर तिथला वेग त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून पिल्लं काठाला येतात. घोट्याएवढं पाणी, बुडालेलं गवत, दगडामागचा आडोसा, जनावरं पाण्यावर उतरतात तिथले खुरांचे खळगे. तिथं पाणी जरा कोमट असतं, शेवाळ असतं, किड्यांच्या अळ्या असतात, आणि मोठा मासा तिथवर येत नाही. एकदा सप्टेंबरमध्ये अशाच एका काठावर पोटावर पडून पाहत होतो. माझ्या तळहाताएवढ्या जागेत खवलीची अकरा पिल्लं होती. सगळ्यांची तोंडं धारेकडे, सगळी जागच्या जागी थरथरत. पाणी बोटभरच होतं.

आता हेच बोटभर पाणी उतरलं तर?

इथं काठाचा उतार कामाला येतो. गणित सोपं आहे. तुमचा काठ उभा असेल, म्हणजे दोन फूट आडवं गेल्यावर एक फूट उतरणारा, तर पाणी १० सेंटीमीटर खाली गेलं की २० सेंटीमीटरची पट्टी उघडी पडते. पिल्लू सहज मागं सरकतं. पण काठ सपाट असेल, पन्नास फुटांना एक फूट उतरणारा, तर त्याच १० सेंटीमीटरला ५ मीटरची पट्टी कोरडी होते. पवनेला तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे काठ आहेत. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या फोटोत तुमच्या बाजूला पसरट कातळ दिसतोय आणि समोर मातीची उभी दरड. समोरच्या बाजूला फिरून आलात तर तिथं बहुधा एकही पिल्लू अडकलेलं सापडणार नाही. तीच नदी, तोच दिवस, तोच विसर्ग.

आणि कातळ असला तर भानगड आणखी वाढते. आपला बेसॉल्ट गुळगुळीत उतरत नाही. त्यात खळगे असतात, भेगा असतात, रांजणखळगे असतात. कुकडीवर निघोजला आहेत तसे प्रचंड नाहीत, पण जातीचे तसेच. पाणी उतरताना आधी उंचवटे उघडे पडतात आणि खळगे नदीपासून तुटतात. पिल्लाला ते कळत नाही. उलट खोलगट भाग दिसला की ते त्यातच शिरतं, कारण एरवी तोच सुरक्षित असतो. अर्ध्या तासानं त्या खोलगट भागाचं ताट झालेलं असतं.

मग वेग किती असावा? नॉर्वेत सॅमन आणि ट्राऊटच्या पिल्लांवर या बाबतीत बरंच काम झालंय. पाणी ताशी १० सेंटीमीटरपेक्षा हळू उतरलं तर अडकणारी पिल्लं खूप कमी होतात, असा तिथला साधारण निष्कर्ष. आपल्या खवली-मल्याला तोच आकडा तंतोतंत लागू पडेल असं मी म्हणत नाही. थंड पाण्यातलं पिल्लू आळशी असतं, ते हिवाळ्यात दिवसा दगडाखाली दडून बसतं आणि म्हणून तिथं दिवसा जास्त अडकतं. आपलं पाणी कोमट, आपली पिल्लं चपळ. पण आपल्याकडे मुरीसारखे मासे आहेत, ते दिवसभर दगडाखालून हलत नाहीत. पाणी जाताना ते दगड सोडत नाहीत, अगदी शेवटपर्यंत. तेव्हा १० सेंटीमीटर हा सुरुवात करायला बरा आकडा आहे, एवढंच धरा.

दुसरी गोष्ट अंतराची. धरणाखाली येळसे-कोथुर्ण्याला पाणी जितक्या झटक्यात चढतं-उतरतं तितक्या झटक्यात ते बेबडओहोळला उतरत नाही. नदी स्वतः ते पसरवत, मऊ करत आणते. रावेतला बंधाऱ्याच्या फुगवट्यात तर पाणी उतरल्याचं जेमतेम कळतं. म्हणजे तुमच्याकडे जे दिसलं त्याहून वाईट वरच्या गावांत झालं असणार. तिथल्या कुणाला फोन करून विचारा. मासे मोजायची गरज नाही, बगळे विचारा. दरवाजे बंद झाल्यावर सकाळी ढोकरी आणि बगळे काठानं ओळीनं बसलेत का, खंड्या एकाच खडकावरून पुन्हा पुन्हा डबक्यात सूर मारतोय का? मी आजही नव्या नदीवर गेलो की आधी पक्षी बघतो, मग पाणी.

आता तुमच्या मनात आलं असेल की पूर तर धरणं नसतानाही यायचे, आणि उतरायचेही. बरोबर आहे. ताम्हिणी-लोणावळ्याच्या अंगचे ओढे आजही पाऊस थांबला की काही तासांत उतरतात आणि तिथं मल्या आणि मुरी मजेत आहेत. मल्याच्या हनुवटीखाली चकतीसारखी चिकटायची सोय असते, तो कातळाला धरून राहतो. घाटाच्या तोंडच्या माशांची घडणच तशी आहे. पण पवना धरणाच्या खाली येईस्तोवर नदी मैदानी होते. धरण नव्हतं तेव्हा इथलं पाणी वरच्या सगळ्या ओढ्यांचं मिळून येई आणि दिवसा-दोन दिवसांत ओसरे. तुमच्याकडचे खवली, अळकूट, कोळशी हे त्या ओसरण्याला सरावलेले. दरवाजाला तो संयम नाही. बटण दाबलं की झालं.

पुराची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर धरणाखालची नदी म्हणजे फक्त जास्तीच्या पाण्याचा त्रास असा समज व्हायचा. मृगाचा पहिला पाऊस पडला, गढूळ लोंढा आला की चढणीचे मासे निघतात. तुमच्या वडिलांना विचारा, त्यांनी ओढ्याच्या तोंडाशी रात्री कंदील घेऊन ते पकडलेले असतील. वलगण म्हणतात ते हेच. या माशांना अंडी घालायला उथळ, नव्यानं भिजलेली जागा हवी असते आणि निघायची खूण म्हणजे नदी चढणं, पाणी गढूळ होणं, गार होणं. धरण मृग-आर्द्रेत भरायच्या मागं असतं. वर पाऊस धो धो, खाली नदी तशीच. मग धरण भरत आलं की एकदम दरवाजे उघडतात. म्हणजे मासा ज्या हाकेची वाट बघत होता ती महिनाभर उशिरा येते, आणि हाक नव्हे, आरोळी येते. लवकर अंडी घातलेल्यांची पिल्लं नेमकी त्याच वेळी नखाएवढी असतात.

यात जातीजातीचा फरक आहे. रोहूसारख्या माशाचं अंडं पाण्यात तरंगत-वाहत जातं आणि १४ ते १८ तासांत फुटतं. महाशीरचं, म्हणजे आपल्या खडशीचं, अंडं जड. ते खडी-गोट्यांत पडतं, फुटायला तीनेक दिवस लागतात, आणि बाहेर आलेलं पिल्लू पुढचा आठवडाभर तरी पोटाची पिशवी संपेपर्यंत गोट्यांच्या फटीत, अंधारात डोकं खुपसून पडून राहतं. त्या काळात पाणी उतरलं तर ते पळूच शकत नाही. वरून ते गोटे कोरडे दिसतात आणि आपण त्यावरून चालत जातो. देहूच्या डोहात महाशीर देवाचे मासे म्हणून राखले गेले, लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर १९७०च्या दशकापासून त्याचं बीज तयार करते, पण डोह राखला आणि वरची खडी कोरडी पडली तर डोहात नुसते म्हातारे मासे उरतात.

थोडं विषयांतर करतो. या माशाचं शास्त्रीय नाव पुण्याचं आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, त्यात मुळा-मुठेचे मासे होते. नावं ठेवताना त्यानं इथल्या मासेमारांच्या तोंडची नावं घेतली: खुद्री (म्हणजे हा महाशीर), मल्या, कोळस, फुलंगी, नुक्ता. जगभरचे शास्त्रज्ञ आज तीच नावं लिहितात आणि आपल्याकडे बाजारात विचारलं तर रोहू, कटला, चिलापी यापलीकडे नाव निघत नाही. नुक्ता मी पुण्यात एकदाही पाहिलेला नाही.

असो. पाण्याच्या उतारावर परत येऊ, कारण अजून एक गोष्ट राहिली: पाणी धरणाच्या कोणत्या थरातून येतं. सांडव्यावरून येणारं पाणी वरच्या थराचं, कोमट, हवा मिसळलेलं. वीजघरातून किंवा तळाच्या मोरीतून येणारं पाणी खोलातलं. उन्हाळ्यात ते गार असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो. कधी धरणाखाली उभं राहिल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला असेल तर तो त्याचाच. पाच-सात किलोमीटर खडकांतून आपटत आल्यावर बहुतेक वास आणि दोष निघून जातो, त्यामुळे तुमच्याकडे याची फार चिंता करू नका. धरणाला लागून असलेल्यांनी करावी.

आता पवनेचं एक वेगळेपण. मुठेशी तुलना केली की ते लगेच कळतं. खडकवासल्याखाली पाणी कालव्यात आणि शहराच्या नळात जातं. नदीत पावसाळ्याखेरीज धरणाचं पाणी जवळजवळ येत नाही, येतं ते शहराचं सांडपाणी. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून २९ टीएमसीच्या वर साठा, पण खुद्द खडकवासल्यात २ टीएमसीसुद्धा मावत नाही. त्यामुळे वर जोर धरला की तिथले दरवाजे फार वेळ थांबू शकत नाहीत. २५ जुलै २०२४ ला ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं, ते आठवत असेल. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. गुणाकार करून बघा, सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. तिथं पिल्लांचं काय झालं हा प्रश्नच गैरलागू आहे, कारण त्या पट्ट्यात पिल्लांना लपायला काठ उरलेला नाही. भिंती आहेत.

पवनेचं तसं नाही. पिंपरी-चिंचवडचं बहुतेक पाणी धरणातून नदीनंच येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. म्हणून मे महिन्यातही तुमच्याकडे नदी वाहते. हे पाणी बंद नळातून थेट न्यायचं ठरलं होतं. त्याविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला मावळात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले आणि काम थांबलं. तो वाद शेतीच्या पाण्याचा होता, माशांचा त्यात कुणी उल्लेख केला नाही. पण माशांच्या बाजूनं बघितलं तर धरणापासून रावेतपर्यंतची पवना जिवंत आहे ती या वाहत्या पाण्यामुळे. तेव्हा ‘पाणी कमी सोडा’ हे मागणं चुकूनही करू नका. ते मान्य झालं तर तुमच्या नदीची मुठा होईल.

इथवरचं थोडक्यात: पाणी हवंच आहे. पूर हवा आहे. एकदम बंद होणं नको आहे, आणि सपाट कातळाच्या काठाला त्याचा फटका सगळ्यांत जास्त.

मग मागायचं काय? बंद करताना टप्पे. दरवाजे किंवा वीजघर एका झटक्यात बंद न करता चार-सहा टप्प्यांत, काही तास घेऊन. यात पाणी फार वाया जात नाही, कारण बोलणं फक्त शेवटच्या काही तासांचं आहे. पण अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यानंतर धरणावरचा माणूस आधी भिंतीचा विचार करतो, आणि त्यानं तो केलाच पाहिजे. पूर येत असताना दरवाजे कसे उघडायचे यात माशांनी नाक खुपसू नये. पूर ओसरल्यावर, धरण भरलेलं असताना, आवक कमी होत असताना दरवाजे कसे बंद करायचे यात मात्र जागा आहे. भरलेल्या धरणाला त्या सहा तासांनी काही फरक पडत नाही. वीजघराचं यंत्र बिघडून बंद पडलं तर टप्पे पाडता येत नाहीत, तिथं दुसऱ्या मोरीतून थोडं पाणी चालू ठेवता येतं का एवढंच विचारायचं.

हे मागायला रिकाम्या हातानं गेलात तर ‘बघू’ म्हणतील. मी स्वतः एका धरणावर असा गेलोय, भलंमोठं टिपण घेऊन, त्यात मेलेल्या माशांचे फोटो. साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, ‘पाणी किती वाजता उतरलं?’ मला सांगता येईना. फोटो होते, वेळ नव्हती. त्यांच्या नोंदवहीत दरवाज्याची वेळ मिनिटासकट होती. ती बैठक दहा मिनिटांत संपली.

तेव्हा तुम्ही एक करा. काठच्या एका उभ्या कातळावर ऑइल पेंटनं दर १० सेंटीमीटरला पट्टी मारा, जमिनीपासून वर अंक घाला. विसर्ग बंद होणार असा निरोप गावच्या ग्रुपवर येतोच. तो आला की दर अर्ध्या तासानं मोबाइलवर पट्टीचा फोटो. फोटोत वेळ असते. त्याचबरोबर सपाट काठावर किती पावलं रुंद जमीन उघडी पडली ते लिहा आणि डबकी मोजा, मासे नकोत. असे तीन प्रसंग जमले की जलसंपदा विभागाच्या शाखा अभियंत्याकडे जा. त्यांच्या दरवाज्याच्या वेळा आणि तुमच्या पट्टीच्या वेळा शेजारी ठेवल्या की पाणी तुमच्यापर्यंत किती तासांनी पोहोचतं हे त्यांनाही पहिल्यांदा दिसेल. मला माहीत असलेल्या बहुतेक अभियंत्यांना अशा आकड्यात रस असतो. मासे त्यांना दिसत नाहीत, कारण ते भिंतीवर असतात आणि मासे तुमच्याकडे.

असं कुठं घडतं का? घडतं. अमेरिकेत कोलोरॅडोची उपनदी ग्रीन, तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज धरण आहे. तिथं २०१२ पासून वसंतातला मोठा विसर्ग तारीख बघून नव्हे, तर नदीत एका देशी माशाची जिरं, म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं, दिसायला लागली की सोडतात, म्हणजे पूर काठच्या पाणथळीत शिरतो तेव्हा पिल्लंही त्याबरोबर आत जातात. त्याच नदीव्यवस्थेत खाली ग्लेन कॅन्यन धरणाखाली विजेच्या मागणीप्रमाणे पाणी रोज चढायचं-उतरायचं. पाण्यातले किडे काठाच्या रेषेवर अंडी घालतात, पाणी उतरलं की ती वाळतात, आणि किडे नाहीत तर पिल्लांना खायला नाही. २०१८च्या उन्हाळ्यात तिथं शनिवार-रविवार पाणी कमी आणि एकसारखं ठेवून बघितलं, कारण सुट्टीला विजेची मागणी कमीच असते. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते. कुणाचं फार न बिघडवता सापडलेली फट आहे ती. तशी फट आपल्या नद्यांत शोधायची. एक सांगतो: कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाआधी ते काढतात तेव्हा सगळे एका सकाळी ओढून मोकळे होतात आणि वरचा फुगवटा दुपारपर्यंत रिकामा. दोन-तीन दिवसांत, एकेक थर करून काढले तर खर्च शून्य. हे तर गावातच ठरवता येतं.

आता पोरांच्या बादल्या. भावना उत्तम, पण पद्धत सुधारा. माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ओढ्याकाठी आम्ही दोघांनी अशीच पिल्लं गोळा केली, काळ्या बादलीत, भर दुपारी. गाडीपर्यंत वीस मिनिटं चाललो. झाकण काढलं तर सगळी वर पांढरी पोटं. त्या बादलीत तांब्याभर पाणी होतं आणि पिल्लं दोनशेच्या वर. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना ७च्या आसपास. फरक थोडा वाटतो, पण गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि दोनशे तोंडं तो काही मिनिटांत संपवतात. तेव्हा सकाळी सात ते नऊ, पांढरी बादली, भरपूर नदीचं पाणी, थोडी पिल्लं, आणि जवळात जवळच्या काठाला. हातानं धरू नका, पिल्लाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. चहाची मोठी गाळणी किंवा सुती फडकं चालतं. सोडताना बादली पाण्यात आडवी धरून दोन-चार मिनिटं दोन्ही पाणी मिसळू द्या. आणि मधल्या धारेत ओतू नका. पुन्हा काठालाच, गवतात.

सगळी डबकी उपसायचीही गरज नाही. गुडघाभर खोल आणि सावलीतला रांजणखळगा असेल तर त्यातली पिल्लं पुढच्या पाण्यापर्यंत तग धरतात, उलट नदीपेक्षा तिथं मोठे मासे नाहीत. आधी ताटासारखी उथळ डबकी, उन्हातली. हात घालून बघा, कोमट लागलं की तिथं दुपारच्या आत जा.

आणि निवड करा. तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या बादलीत निम्मी पिल्लं चिलापीची दिसताहेत. पाठीवरचा पर काटेरी, त्याच्या मागच्या भागात काळा ठिपका, अंगावर उभे पट्टे. ती आपली नाहीत, वर्षभर वाढतात आणि खवलीच्या पिल्लांची जागा घेतात. ती नदीत सोडायचं पुण्य पदरी पाडून घेऊ नका. बगळ्यांना राहू द्या.

यातच तुमच्या मत्स्यबीजाचं उत्तर येतं. नको. सरकारी किंवा खासगी केंद्रातून जे मिळतं ते बहुधा रोहू, कटला, मृगळ. तळ्याला उत्तम, पण हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. भीमेच्या खोऱ्यात ते बाहेरचेच. शिवाय अडचण पिल्लं कमी असण्याची नाही, काठ कोरडा पडण्याची आहे. गेल्या आठवड्यात जिथं हजार मेली तिथं तुम्ही दहा हजार सोडलीत तर पुढच्या वेळी दहा हजार मरतील. त्या पैशांत ऑइल पेंटचा डबा घ्या, आणि जमलं तर सपाट काठावर करंज, उंबर, लव्हाळं राहू द्या. जेसीबीनं काठ साफ करून घेणारे शेजारी असतील तर त्यांच्याशी गोडीनं बोला. बुडालेलं मूळ आणि वाकलेली फांदी याइतकं चांगलं पाळणाघर पिल्लांना मिळत नाही.

राहिला तो साप. तिसरा फोटो मोठा करून पाहिला. तोंडाला सोंडेसारखं टोक आहे आणि पाठीवर बारीक काट्यांची ओळ दिसते. ते वामाचं पिल्लू आहे. पोरांना सांगा, पुढच्या वेळी गाळणीत घेऊन दगडाखाली सोडा. धरायला मात्र सांगू नका, पाठीचे काटे टोचतात.